राणीच्या पोटाला हात लावेपर्यंत

इंग्लंडची राणी कॅरोलाइन रविवार, 20 नोव्हेंबर 1737 रोजी रात्री 10च्या सुमारास लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यात वारली. वय 54. बेंबीपाशी हर्निया होता, त्यात आतडं अडकलं आणि सडलं. पुढचे तास त्या क्षणापासून मागे मोजले आहेत. कोपनहेगनची शेवटची तारीख सोडली, तर तारखा तेव्हाच्या इंग्लंडच्या जुन्या कॅलेंडरच्या आहेत. आजच्या हिशेबासाठी त्या प्रत्येक तारखेत 11 दिवस मिळवावे लागतात.

तपशील मुख्यतः लॉर्ड हर्वीचे. तो राजवाड्यात व्हाइस चेंबरलेन होता, राणीच्या खास विश्वासातला आणि जिभेचा तिखट. त्याच्या आठवणी 1848 साली, म्हणजे 111 वर्षांनी छापून आल्या. माणसांबद्दलची त्याची मतं जपूनच घ्यावीत. पण खोलीत कोण कधी आलं, राणीला काय पाजलं, हे तो कारकुनासारखं टिपून ठेवतो.

डिसेंबर 1724 – सुमारे 13 वर्षं आधी

7 डिसेंबरला कॅरोलाइनला शेवटचं मूल झालं. मुलगी, लुईझा. या बाळंतपणानंतर बेंबीपाशी फुगवटा दिसू लागला. तो नवऱ्याच्या, म्हणजे जॉर्जच्या, लक्षात आला. बाळंतपणानंतर बायकांना असं होतंच, असं सांगून तिने विषय मिटवला.

पोटाच्या भिंतीत काही जागा मुळातच कच्च्या असतात. बेंबी त्यातली एक, जांघ दुसरी. पुरुषांत वृषण जन्माआधी पोटातून खाली उतरतात, ती वाट जांघेतून जाते, म्हणून जांघेतला हर्निया हा मुख्यतः पुरुषांचा आजार: आयुष्यभरात साधारण 27 टक्के पुरुषांना होतो, बायकांत 3 टक्क्यांना. बेंबीचा हर्निया मात्र वारंवारच्या बाळंतपणांनी आणि स्थूलपणाने वाढतो. कॅरोलाइनच्या बाबतीत दोन्ही होतं. पोटातला पडदा किंवा आतड्याचा वेढा त्या फटीतून बाहेर डोकावतो. खोकलं की फुगवटा वर येतो, आडवं झालं की आत जातो. आत जातोय तोवर वेळ हातात असतो.

काही वर्षांनी जॉर्जने पुन्हा विषय काढला. या वेळी ती भडकली. आपला कंटाळा आला म्हणून हे बोलणं निघालं, असं तिला वाटलं. पुन्हा याबद्दल चकार शब्द काढणार नाही, असं वचन त्याने दिलं. एव्हाना तो राजा झाला होता की नाही, ते महत्त्वाचं नाही. वचन मात्र त्याने राजासारखं पाळलं.

एप्रिल 1722 आणि डिसेंबर 1735

दोन तारखा मध्येच नोंदवायला हव्यात, नाहीतर ही बाई वैद्यकाला घाबरणारी होती असा समज होईल. एप्रिल 1722मध्ये तिने अमेलिया आणि कॅरोलाइन या आपल्या दोन मुलींना देवी टोचून घेतल्या. इंग्लंडमध्ये तेव्हा ही गोष्ट इतकी नवी होती की आधी तुरुंगातल्या कैद्यांवर करून पाहिली होती. टोचणारा सर्जन होता क्लॉडियस अॅमियांड.

याच अॅमियांडने 6 डिसेंबर 1735 रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलात 11 वर्षांच्या एका मुलाचा जांघेतला हर्निया उघडला. आत अपेंडिक्स सापडलं, गिळलेल्या टाचणीने भोक पडलेलं. त्याने ते कापून काढलं. सुमारे अर्धा तास लागला. मुलगा जगला. अपेंडिक्स काढल्याची ही पहिली नोंद. अॅमियांड तेव्हा राजाचा मुख्य सर्जन होता. हर्निया उघडणारा हात दरबाराच्या पगारावर होता. गरज आहे हे त्याला कळवणारं कुणी नव्हतं.

बुधवार, 9 नोव्हेंबर 1737, सकाळ

राणी आपल्या नव्या ग्रंथालयात होती. पोटात एकाएकी कळा सुरू झाल्या आणि मळमळू लागलं. ती राजवाड्यात परतली. मुलांचा डॉक्टर टेसिए याने डॅफीज इलिक्सर दिलं. हे दारूत मुरवलेलं, सोनामुखी घातलेलं जुलाबी औषध तेव्हा घरोघरी असायचं. उमासे थांबेनात. ती अंथरुणावर पडली.

त्या दिवशी दरबाराची भेट होती. ती रद्द करता आली असती.

बुधवार, दुपारी 2 – 272 तास

राणी उठली, कपडे केले आणि दरबारात आली. हर्वीने तिचा चेहरा पाहिला आणि परत खोलीत जा म्हणून विनवलं. तिने सांगितलं, हॅम्प्टन कोर्टला असताना पोटात दुखलं होतं, तेच पुन्हा आलंय. म्हणजे हा पहिला झटका नव्हता.

तिच्याआधी कुणी दरबार सोडणार नव्हतं आणि राजाआधी ती सोडणार नव्हती. राजा 'द ड्रॅगन ऑफ वॉन्टली' या त्या मोसमात गाजत असलेल्या विडंबन-ऑपेराबद्दल बोलत होता. बोलणं लांबलं. अखेर तो निघाला आणि जाता जाता, नॉरफोकच्या डचेसकडे तुझं लक्ष गेलं नाही, असं राणीला सुनावून गेला. राणीने डचेसची माफी मागितली. चारचौघांत ती बोलली ते हे शेवटचं.

बुधवार, संध्याकाळी 7 – 267 तास

हर्वी जेवून परतला तेव्हा राणी अंथरुणात होती आणि दुखणं वाढलं होतं. आता औषधांची रीघ लागली. ब्रँडीत घातलेली सर्पमूळी. आयरिश व्हिस्की. सर वॉल्टर रॅले यांच्या नावाचं कॉर्डियल. पुदिन्याचं पाणी. जे पोटात गेलं ते उलटून पडलं. मग राजघराण्याचा सर्जन जॉन रॅन्बी याने 12 औंस रक्त काढलं.

पोटदुखी आणि उलट्या घेऊन कुणी आज कॅज्युअल्टीत आलं, तर नवखा डॉक्टरसुद्धा आधी पांघरूण बाजूला करतो. दोन्ही जांघा, बेंबी, जुन्या टाक्यांच्या जागा, सगळीकडे हात फिरवतो. पेशंट लाजतो, बायका जास्त लाजतात, म्हणून हे शिकवावं लागतं. फुगवटा घट्ट असेल, दाबल्यावर दुखत असेल, आत जात नसेल, तर पुढचा प्रश्न एकच: ऑपरेशन थिएटर केव्हा मोकळं होतंय.

1737 साली राणीच्या पोटाला हात लावायची रीत नव्हती. डॉक्टर नाडी पाहत, जीभ पाहत आणि पेशंट सांगेल त्यावर विश्वास ठेवत. राणीने पोटशूळ सांगितला. डॉक्टरांनी पोटशूळ लिहिला.

राजाला माहीत होतं. तो त्याच खोलीत होता.

गुरुवार, 10 नोव्हेंबर, पहाट – सुमारे 256 तास

रात्रभर राजा तिच्या पांघरुणावर अंगातल्या झग्यानिशी पडून राहिला. त्यामुळे त्याला झोप लागली नाही आणि तिला कूस बदलता आली नाही. हर्वीने हे टिपलंय आणि एरवी तो दाखवतो तसा कुचकेपणा इथे दाखवण्याची त्याला गरजही पडलेली नाही. प्रेम होतं, यात शंका नाही.

सकाळी आणखी 12 औंस रक्त काढलं. ताप थोडा उतरला. राजवाड्यात हायसं वाटलं.

आत काय चाललं असेल, ते आज सांगता येतं. फटीच्या कडेने आतड्याचा वेढा आवळला की आधी रक्त परत नेणाऱ्या शिरा दबतात. रक्त आत येत राहतं, बाहेर जात नाही. आतडं सुजतं. सुजलं की फट त्याला जास्तच आवळते. मग रक्त आणणाऱ्या धमन्याही बंद होतात. इथून पुढे आतडं काही तासांत मरतं. वर अडलेलं सगळं उलटीतून बाहेर येतं. जुलाब दिला तर आतडं जोराने ढकलू पाहतं आणि पुढे भिंत असते. रक्त काढलं तर आधीच सुकत चाललेलं शरीर आणखी सुकतं. म्हणजे पहिल्या चोवीस तासांत दिलेला प्रत्येक उपचार एक तर निरुपयोगी होता किंवा उलटा.

शुक्रवार, 11 नोव्हेंबर, दिवसभर

डॉक्टर वाढले. सर हान्स स्लोन आले, डॉ. हल्स आले. स्लोन म्हणजे ज्याच्या संग्रहातून पुढे ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं तो. तेव्हा रॉयल सोसायटीचा अध्यक्ष. इंग्लंडमधलं उत्तमातलं उत्तम वैद्यक आता खाटेभोवती होतं. त्यांनी कातडीवर फोड आणणारे लेप लावले, जुलाब दिले, एनिमा दिले. काहीही लागू पडलं नाही.

युवराज फ्रेडरिकने आईला भेटायची परवानगी मागितली. सप्टेंबरात बापाने त्याला राजवाड्याबाहेर काढलं होतं. राजाने नकार दिला. त्या दिवशी राजवाड्यात सगळ्यांत जास्त चर्चा या नकाराची झाली.

शनिवार, 12 नोव्हेंबर – सुमारे 200 तास

पोट दुखायला लागून तीन दिवस उलटले होते. राजाने वचन मोडलं. आधी तो तिच्या कानात बोलला: मला वाटतं, तुझं ते जुनं दुखणंच आहे. तिने साफ नाकारलं. तो ऐकेना, तेव्हा ती चिडली. त्याने रॅन्बीला बोलावलं.

रॅन्बीने तपासायला हात पुढे केला. तिने तो हात धरला आणि दुखतं म्हणून दुसरीच जागा दाखवली. रॅन्बीने हात तिथे ठेवू दिला आणि मग सरकवला. फुगवटा हाताला लागला.

तो शेकोटीपाशी उभ्या राजाजवळ गेला आणि हळू आवाजात बोलला. राणी ताडकन उठून बसली. मला हर्निया आहे असंच सांगतोयस ना, असं तिने त्याला विचारलं आणि वर मूर्ख म्हणाली. रॅन्बीने होय म्हटलं. आपण हे फार दिवस लपवलंत, आता घालवायला वेळ नाही, असंही त्याने तोंडावर सांगितलं. ती काही बोलली नाही. आडवी झाली आणि तोंड फिरवलं. या सगळ्या आजारात तिच्या डोळ्यांतून पाणी आलेलं आपण एवढं एकदाच पाहिलं, असं राजाने पुढे सांगितलं.

शनिवार, संध्याकाळ – सुमारे 196 तास

आणखी दोन सर्जन आले: शिप्टन, शहरातला नावाजलेला, आणि बुसिएर, फार वृद्ध झालेला फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासित.

बुसिएरने सांगितलं, फट लगेच मोठी करा आणि आतडं आत ढकला. रॅन्बीने विरोध केला: एवढं उघडलं तर सगळी आतडी क्षणात बाहेर येतील. शिप्टन रॅन्बीच्या बाजूने गेला. दोन विरुद्ध एक.

बुसिएरचं म्हणणं नवं नव्हतं. फ्रान्समध्ये पिएर फ्रँकोने 1556 सालीच आवळलेला हर्निया चाकूने सोडवण्याची रीत छापली होती. आजही गाभा तोच आहे: आवळणारी कडा मोकळी करायची, आतड्याचा रंग परत येतो का ते पाहायचं, आला तर आत सारायचं, नाही आला तर मेलेला भाग कापून टोकं जोडायची आणि फट बंद करायची. भूल 1846 साली आली, जंतुनाशक शस्त्रक्रिया 1867मध्ये. जांघेची भिंत थर ओळखून शिवायची पद्धत पादुआच्या एदोआर्दो बासिनीने 1880च्या दशकात बसवली. आणखी शंभर वर्षांनी लिक्टेनस्टाइनने शिवण ताणण्याऐवजी जाळी बसवायला सुरुवात केली, आणि आता बरेच पेशंट त्याच दिवशी घरी जातात. सगळ्यांनाच घाई नसते, हेही सांगायला हवं. 2006 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, जांघेतल्या हर्नियाचा फारसा त्रास नसलेल्या पुरुषांना नुसतं लक्ष ठेवून थांबवलं, तर 1000 जणांमागे वर्षाला दोघांचाही हर्निया अचानक अडकला नाही. पण ती थांबण्याची मुभा माहीत असलेल्या, तपासलेल्या, आत जाणाऱ्या हर्नियाची आहे.

तेव्हा शनिवारी बुसिएरचं ऐकलं असतं तर राणी वाचली असती का? भुलीविना, उकळलेल्या हत्यारांविना, तीन दिवस उलट्या होऊन थकलेल्या शरीरावर? मला वाटतं, शक्यता थोडी होती. बुधवारी संध्याकाळी ती शक्यता जास्त असती. एप्रिल 1730मध्ये किंवा अशाच कुठल्या साध्या दिवशी, नुसता पट्टा बांधून फुगवटा आत ठेवण्यापुरतं कुणाला सांगितलं असतं, तर आणखी जास्त. असे पट्टे तेव्हा लंडनमध्ये मिळत.

सर्जननी मधला मार्ग घेतला. फुगवट्याला वरून चीर दिली. आवळणारी कडा आत जशीच्या तशी राहिली.

रविवार, 13 नोव्हेंबर, पहाट – सुमारे 184 तास

जखम सडायला लागली आहे, असं सर्जननी राजाला कळवलं. तेव्हाच्या भाषेत याचा अर्थ काही तास असा होता. राणीने निरोप घेतला. राज्याभिषेकाची माणकाची अंगठी राजाच्या हातात दिली आणि माझ्यामागे पुन्हा लग्न कर म्हणाली. राजा रडत म्हणाला की लग्न नाही करणार, रखेल्या ठेवीन. त्याने काही अडत नाही, असं ती उत्तरली. हा संवाद शतकानुशतकं विनोद म्हणून सांगितला जातो. खोलीत कुणी हसल्याची नोंद नाही.

धाकट्या दोन मुली, मेरी आणि लुईझा, तिने राजकन्या कॅरोलाइनच्या हवाली केल्या. लुईझा तेव्हा 12 वर्षांची होती.

दिवस संपला आणि राणी जिवंत होती. सडणं पसरलेलं नाही, असं सर्जननी सांगितलं. सगळ्यांना पुन्हा आशा वाटली.

सोमवार ते बुधवार, 14 ते 16 नोव्हेंबर

सर्जन जखम उघडत, कापत, स्वच्छ करत राहिले. भूल नव्हती. कण्हल्याबद्दल ती त्यांचीच माफी मागायची. रॅन्बीचं बायकोशी बिनसलं होतं. माझ्याऐवजी तिला कापायला मिळालं असतं तर तुला आवडलं असतं, असं ती त्याला म्हणाली. वाकून काम करताना म्हाताऱ्या बुसिएरच्या टोपाने मेणबत्तीवर पेट घेतला आणि मला आधी हसून घेऊ द्या म्हणून राणीने कापणं थांबवायला लावलं, असंही सांगतात.

उलट्या चालूच होत्या.

गुरुवार, 17 नोव्हेंबर, संध्याकाळ – सुमारे 76 तास

आतडं फुटलं. आतला मळ जखमेतून वाहू लागला, दुलयांतून झिरपून जमिनीवर आला. खिडक्या, दारं उघडली, तरी खोलीत थांबवेना. 

फुटणं म्हणजे शेवटच, असं मात्र नव्हतं. लंडनचा सर्जन विल्यम चेझल्डन याने 73 वर्षांच्या एका बाईची हकीकत लिहून ठेवली आहे. तिचा बेंबीचा हर्निया असाच सडून फुटला होता आणि साडेसव्वीस इंच मेलेलं आतडं बाहेर लोंबत होतं. त्याने मेलेलं कापून टाकलं, चांगलं टोक बेंबीशी तसंच राहू दिलं. ते तिथे चिकटलं. बाई बरी झाली आणि पुढे कित्येक वर्षं जगली, शौच बेंबीतून होत राहिलं. हा चेझल्डन 1727 साली राणीचा सर्जन म्हणून नेमला गेला होता. पुढे त्याच्यावरची दरबाराची मर्जी उतरली. खाटेपाशी उभे होते ते रॅन्बी, शिप्टन आणि बुसिएर.

रविवार, 20 नोव्हेंबर, रात्री 10 – शून्य

हे आणखी किती चालेल, असं तिने संध्याकाळी डॉक्टरला विचारलं. लवकरच सुटका होईल, असं उत्तर मिळालं. दहाच्या सुमारास तिने श्वास लागतोय, खिडकी उघडा, असं सांगितलं आणि मग प्रार्थना म्हणायला सांगितली. अमेलिया वाचू लागली. काही ओळी झाल्या असतील. राजकन्या कॅरोलाइनने आईच्या ओठांपुढे आरसा धरला. त्यावर वाफ धरली नाही.

17 डिसेंबर 1737

वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं. हँडलने या प्रसंगासाठी शोकगीत रचलं होतं.

1740

अॅमियांड वारला. राजाचा सार्जंट-सर्जन म्हणून जॉन रॅन्बीची नेमणूक झाली.

19 डिसेंबर 1751, कोपनहेगन

लुईझा आता डेन्मार्कची राणी होती. पाच मुलं झाली होती, सहाव्याच्या वेळी दिवस गेले होते. तिचाही हर्निया अडकला. शस्त्रक्रिया केली, उपयोग झाला नाही. तिला 27वं वर्ष पूर्ण होऊन एक दिवस झाला होता.